आबांनी नको म्हटलेलं कार्ड

आमच्या घरात कुठलीही मोठी वस्तू आबांशिवाय विकत घेतली गेली नाही. आबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. बैलजोडी, विहिरीवरची मोटर, शिलाई मशीन, लग्नाचं सोनं, सगळं त्यांनी पारखून आणलेलं. पारोळ्याहून धुळ्याकडे जाताना रस्त्याला लागून आमचं गाव, घरात लहानमोठी मिळून चौदा माणसं, आणि खरेदीचा मान एकट्या आबांचा. माझ्या वडिलांना सगळे नाना म्हणत. आबा समोर असले की नाना तोंड उघडत नसत. मला या पद्धतीचं कधी वाईट वाटलं नव्हतं, कारण तिचा माझ्याशी संबंधच आला नव्हता. नव्व्याण्णव साली तो आला, आणि आजही तो विषय निघाला की माझं डोकं फिरतं.

मी तेव्हा धुळ्यात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. संध्याकाळी एका कॉम्प्युटर क्लासला जायची. क्लासमध्ये आठ जुनी मशिनं आणि एक नवं. नव्या मशिनमध्ये पडद्यावरचं चित्र भराभर काढणारं वेगळं ग्राफिक्स कार्ड होतं आणि त्यावर गाड्यांच्या शर्यतीचा एक गेम होता. प्रॅक्टिकल संपलं की सर पंधरा मिनिटं खेळू द्यायचे. मुलं आधी घुसायची, मी थांबायची. माझी पाळी आली की मात्र त्यांचं हसणं बंद व्हायचं. त्या गेममध्ये मला हरवणारं तिथे कोणी नव्हतं, हे मी आज बिनदिक्कत सांगते. वळणावर गाडी न घसरवता कशी काढायची हे मला कुणी शिकवलं नव्हतं, ते हाताला कळायचं.

तर मला कॉम्प्युटर हवा होता तो खेळायला. घरी मी अभ्यासासाठी म्हणून सांगितलं. फर्स्ट क्लास मिळाला तर घेऊ, असं नाना एकदा बोलून गेले होते. कापूस बरा झाला होता आणि मला फर्स्ट क्लास मिळाला. नानांनी आबांच्या कानावर घातलं, आबांनी आकडा ठरवला. त्या आकड्यात तयार कंपनीचा कॉम्प्युटर येणं शक्यच नव्हतं. सुटे भाग घेऊन जोडून घेतला तरच जमणार होतं.

मग मी यादी करायला बसले. तीन महिने ती यादी केली. धुळ्यातली तीन दुकानं आणि जळगावची दोन, सगळ्यांचे भाव वहीच्या मागच्या पानावर. भाव दर आठवड्याला हलायचे. रॅम स्वस्त झाली की हार्ड डिस्क महाग व्हायची. धुळ्याचा दुकानदार म्हणायचा, माल मुंबईहून मागवू, आगाऊ पैसे द्या. जळगावचा म्हणायचा, माल तयार आहे, या आणि घेऊन जा. क्लासच्या सरांना मी इतके प्रश्न विचारले की ते मला पाहिलं की चहाला जायचे.

पैसे मोजके आणि हवं तर सगळंच, तेव्हा कुठे तरी पोटाला चिमटा घ्यावा लागतो. मी तो कुठे घ्यायचा हे नीट ठरवलं होतं. मॉनिटर पंधरा इंची नको, चौदा इंची चालेल. कॅबिनेट सगळ्यात स्वस्त, पत्र्याचा डबाच तो, त्यात पैसे घालायचे कशाला. प्रोसेसर मधला. हार्ड डिस्क चार जीबीची. स्पीकर साधे, टेबलावर मावतील असे. प्रिंटर अजिबात नको. रॅम मात्र चौसष्ट एमबी, बत्तीसवर गेम उघडायलाच उशीर लागतो. मदरबोर्ड असा, की ज्यावर कार्ड बसवायला मोकळा स्लॉट असेल. आणि हे सगळं वाचवून जे उरेल त्यातून आठ एमबीचं ग्राफिक्स कार्ड. सगळी यादी त्या एका कार्डासाठी होती. ते काढलं तर उरलेली यादी करायला माझी गरज नव्हती, कुणीही करू शकलं असतं.

आबांनी यादी उलटसुलट करून पाहिली. चष्मा लावला, काढला.

"बठ्ठं सामान सुटं सुटं शे? तयार भेटत नही का?"

सगळं सुटंच का घ्यायचं, ते मी समजावलं. त्यांना ते पटकन कळलं, हे कबूल केलं पाहिजे. बैलगाडीची चाकं एका सुताराची, चाकांवरची लोखंडी धाव लोहाराची, जू तिसऱ्याचं, असं त्यांनी स्वतः केलेलं होतं. त्यांना उलट आवडलंच. दुकानात जाऊन एकेक भाग पारखायला मिळणार म्हणून ते खुशीत आले. तिथेच मी सावध व्हायला हवं होतं.

आम्ही तिघं एसटीने जळगावला निघालो. आबा, नाना आणि मी. एरंडोलच्या पुढे आबांनी मला जवळ बोलावून हळूच विचारलं, "यामा मुख्य काय शे? तुना जीव कसावर शे?"

मी म्हणाले, "कार्डावर."

"मंग दुकानमा तिकडे देखू बी नको."

हा बैलबाजाराचा नियम. ज्या बैलावर डोळा आहे त्याच्याकडे बघायचं नाही, दुसऱ्याच बैलाचे दात मोजायचे. मग सहज म्हणून आपल्या बैलाकडे वळायचं आणि त्याला नाक मुरडायचं. हा नको आम्हाला, असं म्हणून चालू पडायचं. विकणारा मागून हाक मारतो, पुन्हा मारतो, आणि भाव उतरतो. आबांची सगळी उमर या नियमावर गेली होती आणि त्यांनी घरात आणलेल्या बैलांना आजवर कुणी नाव ठेवलेलं नव्हतं. मी मान डोलावली. मला वाटलं, चांगलंच आहे, कार्ड स्वस्तात पडेल. इतकी अक्कल माझी.

दुकान मार्केटच्या पहिल्या मजल्यावर होतं. दुकानदार माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, हातात कॅल्क्युलेटर, बोलायला गोड. आबांनी आधी कॅबिनेट उचललं. पहिलं हलकं लागलं म्हणून खाली ठेवलं, दुसरं उचललं, तिसरं उचललं. तिसरं जड होतं. बोटाने वाजवून पाहिलं आणि तेच घ्यायचं म्हणाले. मी पुढे होऊन सांगायला गेले की कॅबिनेटच्या वजनाने काही होत नाही.

"पोरी, तू चूप बठ. बाजार मी करस."

मी स्टुलावर बसले. मॉनिटर पंधरा इंची झाला, कारण चौदाचा आबांना "मरतुकडा" वाटला. रॅमची पट्टी त्यांनी तळहातावर घेऊन तोलली आणि एवढ्याशा तुकड्याचे एवढे पैसे कसले, म्हणून दुकानदाराकडे असं पाहिलं, जणू त्याने काहीतरी चोरलं होतं. चौसष्टची बत्तीस झाली. हे सगळं मी गिळलं. कार्ड येतंय ना, मग रॅम दिवाळीत वाढवू, असं मनाला सांगत राहिले.

मग भावाची वेळ आली. आबांनी खांद्यावरचा पंचा काढला, आपल्या हातावर पसरला आणि पंच्याखाली हात दुकानदारापुढे केला. बैलबाजारात भाव असाच होतो, पंच्याखाली, बोटं दाबून, चारचौघांना आकडा कळू न देता. दुकानदाराला काय करायचं ते कळेना. त्याने पंच्याखाली हात घालून आबांशी शेकहँड केला आणि म्हणाला, "बसा ना आबा, चहा सांगतो."

मला तिथे हसू आलं होतं. ते शेवटचं.

आबांनी पंचा परत खांद्यावर टाकला. काउंटरवर कार्डाचा खोका होता. त्याच्याकडे त्यांनी हनुवटीने दाखवलं आणि तोंड वाकडं केलं.

"हाई कार्ड नको आमले. बाकीनं सांग."

मला चाल माहीत होती, म्हणून मी शांत होते. दुकानदार म्हणाला, "बरं. नाही घेतलं तरी चालतं आबा, बोर्डावरच डिस्प्ले दिलेला आहे." त्याने खोका उचलून ड्रॉवरमध्ये टाकला आणि कागदावरच्या त्या ओळीवर रेघ मारली.

आबा उठले आणि नियमाप्रमाणे दुकानाबाहेर पडले. जिना उतरून खाली पानाच्या टपरीशी जाऊन उभे राहिले. आम्ही मागोमाग. आता वरून हाक येणार. पाच मिनिटं झाली, दहा झाली. आबांनी पान खाल्लं. मी वर जाऊन डोकावले तर दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाला कीबोर्ड दाखवत होता. त्याला हाक मारायचं सुचणारच नव्हतं. त्याच्या धंद्यात नको म्हणजे नको.

मी खाली येऊन म्हणाले, "आबा, त्याला कळलंच नाही. आपण वर जाऊन सांगू या, कार्ड पाहिजे म्हणून."

"आते मी मांगू? मंग मनी काय किंमत राही?"

मी नानांकडे पाहिलं. नाना चपलेचा अंगठा नीट करत होते. त्या क्षणी मला आबांपेक्षा नानांचा राग आला. कार्ड कशाला लागतं हे आबांना निदान माहीत नव्हतं. नानांना सगळं माहीत होतं. मी तीन महिने वही घेऊन त्यांच्यासमोरच बसत होते.

अर्ध्या तासाने आबा आपणहून वर गेले, पण कार्डाचं नाव काढलं नाही. उरलेल्या पैशात काय बसेल असं त्यांनी विचारलं. दुकानदाराने कोपऱ्यातला प्रिंटर दाखवला. टकटक आवाज करत कागद सरकवणारा, सुया मारून छापणारा. आबांना तो एकदम पसंत पडला. काहीतरी आत जातं आणि काहीतरी बाहेर येतं, हे त्यांना दिसत होतं. मी काउंटरशी उभी राहून स्पष्ट म्हणाले, "प्रिंटर नको, मला कार्ड हवं आहे." दुकानदाराने माझ्या डोक्यावरून आबांकडे पाहिलं आणि म्हणाला, "आबा म्हणतील तसं." कॅल्क्युलेटरवर बेरीज झाली, सामान बांधलं गेलं.

परतीच्या एसटीत मॉनिटरचा खोका माझ्या मांडीवर होता. पारोळा येईपर्यंत मी कुणाशी एक शब्द बोलले नाही. कुणाच्या लक्षात आलं असेल असं वाटत नाही.

घरी पूजा झाली. मॉनिटरला झेंडूचा हार घातला, तो मी काढेपर्यंत मागच्या जाळीतून पाकळ्या आत गेल्या आणि त्या काढताना माझी अर्धी दुपार गेली. मग मी गेम चढवला. गाडी निघाली, थांबली, पुढच्या झाडाशी एकदम जाऊन उभी राहिली. रस्ता मध्येच नाहीसा व्हायचा. वळण आलं हे कळायचं ते गाडी शेतात गेल्यावर. माझ्या हाताचा काही दोष नव्हता, हे मला कुणाला सांगता येत नव्हतं. घरातली पोरं मागे उभी राहून म्हणत, "अक्काले चालाडता येत नही." धुळ्याच्या क्लासमधल्या मुलांनी हे ऐकायला हवं होतं.

त्यानंतर महिनाभर मी आबांना सांगत होते. जेवताना सांगितलं. ओट्यावर सांगितलं. कापूस वेचायला गेलो तेव्हा बांधावर बसून सांगितलं. एकदा कागदावर चित्र काढून दाखवलं, हा मदरबोर्ड, हा मोकळा स्लॉट, इथे कार्ड बसतं, आणि ते नसल्यामुळे चित्र काढायचं सगळं काम प्रोसेसरवर पडतं, म्हणून तो दमतो. गाडीत माल दुप्पट आणि बैल एकच, असंही म्हणून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. आबांची दोनच उत्तरं ठरलेली. पहिलं, "वाट देख. तो निरोप धाडी." त्यांना खरोखर वाटत होतं की दुकानदार कधीतरी मेटाकुटीला येऊन माणूस पाठवेल, की आबा, घ्या ते कार्ड तुमच्या भावाने. दुसरं उत्तर निरोपाला फार उशीर होऊ लागला तेव्हा तयार झालं. "जे दिखत नही, त्याना पैसा कसाले देवाना?"

आई म्हणाली, सोड आता. नानांना मी एकदा खळ्यात गाठलं. मी म्हणाले, तुम्ही तरी आबांना सांगा. नाना कणसं निवडत राहिले. "थोरला भाऊ शे. काय बोलू मी?" आपलेच दात आणि आपलेच ओठ, असं लोक अशा वेळी म्हणतात. माझे तर दोन्ही दुखत होते. गेम ही काय एवढी मोठी गोष्ट, असं मला स्वतःलाही कधी कधी वाटायचं. पण मला आतून जाळत होतं ते गेमपेक्षा वेगळं होतं. या घरात एका विषयातलं मला सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं, एकाच विषयातलं, आणि त्यातही माझा शब्द कुणी धरत नव्हतं.

कार्तिक लागला आणि मला बघायला पाहुणे आले. मुलगा इंजिनियर, नाशिकला नोकरीला. कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत मुद्दाम आणून ठेवला होता, प्रिंटरवरचं कापडही धुतलेलं. पोहे झाले, चहा झाला. आबांनी मोठ्या कौतुकाने सांगितलं की मशिन आम्ही एकेक भाग पारखून जळगावहून जोडून आणलं. मुलाला त्यात रस वाटला. तो खुर्ची ओढून बसला, इकडेतिकडे क्लिक केलं, गेम दिसला म्हणून सुरू केला. गाडी निघाली, थांबली, झाडाशी जाऊन उभी राहिली.

"यात ग्राफिक्स कार्ड नाहीये," तो म्हणाला. "कार्ड नसेल तर हे असंच अडखळत चालणार."

एवढंच. पुढे तो स्पीकरबद्दल काहीतरी बोलला. पण आबांची बशी ओठाशी जाता जाता थांबली होती. त्यांनी मुलाला विचारलं, कार्ड टाकलं तर नीट पळेल का. मुलगा म्हणाला, हो, सहज. आबांनी बशी खाली ठेवली आणि नानांकडे वळून, पाहुण्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आतेपावत मी लंगडा बैल लिधा नही."

ते स्थळ पुढे जमलं नाही. त्याचं मला तेव्हाही काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीने आबा एकटे जळगावला गेले. दुपारी जेवायच्या वेळेला परत आले. पिशवीतून खोका काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवला. तेच कार्ड, आठ एमबीचं. घासाघीस केली नव्हती, दुकानदाराने सांगितले तेवढे पैसे मोजून आले होते, हे मला पावतीवरून कळलं.

सगळं घर गोळा झालं. मी वायर काढली, कॅबिनेटचा पत्रा उघडला, स्लॉटसमोरची पट्टी मोडून काढली, कार्ड दाबून बसवलं, स्क्रू आवळला. कार्डाबरोबर आलेली सीडी घातली. दोनदा बंद करून चालू केलं. मग गेम लावला आणि गाडी सोडली. रस्ता अखंड पुढे येत राहिला. पहिलं वळण आलं ते मला लांबूनच दिसलं, गाडी न घसरता निघाली. दुसरं, तिसरं. मागची पोरं पुढे सरकली. मी पहिली आले.

आबा खुर्चीच्या मागे उभे होते. त्यांना मनापासून आनंद झाला होता, हे मला आवाजावरून कळलं.

"पाहुणानी सांगं म्हनीसन समजनं," ते नानांना म्हणाले. "नही ते कोनले माहीत व्हतं?"

मी हात कीबोर्डवरून काढले आणि वळून बसले.

"मले माहीत व्हतं, आबा."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. कपाळाला आठ्या पडल्या, चेहऱ्यावर नवल होतं, राग अजिबात नव्हता.

"मंग सांगं का बरं नही?"

आणि ते खरोखरच विचारत होते.